‘टेन्शन घेऊ नकोस’ या सल्ल्याविषयी

मुंबईत गरोदर बाईला जो तो सांगतो, टेन्शन घेऊ नकोस. हा सल्ला मायेपोटी दिलेला असतो, हे मला मान्य आहे; परंतु ताण जणू तिने आपणहून ओढवून घेतलेला असतो, हे त्यामागचे गृहीत मला मान्य नाही.

अमेरिकेतील आयोवा राज्यात पोस्टव्हिल हे लहानसे गाव आहे. १२ मे २००८ रोजी तेथील मांसप्रक्रिया कारखान्यावर धाड घालून सरकारने ३८९ स्थलांतरित कामगारांना अटक केली. संशोधकांनी पुढे राज्यभरातील जन्मनोंदी तपासल्या, तेव्हा धाडीनंतरच्या ३७ आठवड्यांत लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मातांची बाळे कमी वजनाची, म्हणजे २५०० ग्रॅमच्या आतली, जन्मण्याचा धोका आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा २४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. गोऱ्या मातांच्या बाळांत अशी वाढ दिसली नाही. मला सर्वांत अस्वस्थ करते ते असे, की ज्या लॅटिनो माता अमेरिकेतच जन्मल्या होत्या, ज्यांना कोणी हद्दपार करू शकत नव्हते, त्यांच्या बाळांनाही ही झळ लागली.

एरवी वारेतील एक विकर (एन्झाइम) आईच्या रक्तातील कॉर्टिसॉलचा, म्हणजे ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाचा, बराचसा भाग बाळापर्यंत पोहोचण्याआधीच निष्प्रभ करते. ताण दीर्घकाळ टिकला, तर हे संरक्षण अपुरे पडू शकते आणि ३७ आठवडे भरण्याआधीच प्रसूती होण्याची शक्यता वाढते.

आपल्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, वजन नोंदवलेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळे कमी वजनाची होती. त्यामागे रक्तक्षय आणि अपुरा आहार आहेच. पण माझ्या परिचयातील एका मुलीला सातव्या महिन्यात भाड्याचे घर शोधताना आधी आडनाव विचारले जाई आणि मग जागा नुकतीच गेल्याचे सांगितले जाई. तिला लोहाच्या गोळ्या वेळेवर मिळत होत्या, झोप मात्र लागत नव्हती. अशा बाईला केसपेपरच्या खिडकीवरही जातीधर्मावरून बोलणे ऐकावे लागले, तर ती पुढची तपासणी टाळते, आणि वाढलेला रक्तदाब कोणाच्या लक्षातच येत नाही.

तपासणीच्या कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन लिहिले जाते. त्याच वेळी आरोग्यसेविकेने तिला बाजूला बसवून, घरी, शेजारी आणि इथे दवाखान्यात तुमच्याशी लोक कसे वागतात, एवढे तरी विचारावे. आणि तक्रार दवाखान्याचीच असेल, तर ती त्याच कर्मचाऱ्यांच्या हाती न देता वर पोहोचवण्याची सोय असावी.