टॉलवर्थचा बाप, साओ पावलोचा लेक

कोल्हापुरात असतो तर शनिवारी दुपारी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून फुटबॉल बघत घसा बसेपर्यंत ओरडलो असतो. लंडनच्या नैऋत्य टोकाला, टॉलवर्थला राहायला आल्यापासून ती खाज किंग जॉर्जेस फील्डवर भागवतो. शेजारून ए-3 रस्त्याची अखंड घरघर, कठड्याला टेकलेले थोडेसे लोक, चहाची एक खिडकी. संघ कोरिंथियन-कॅज्युअल्स. शर्ट चॉकलेटी आणि गुलाबी! पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाढदिवसाचा केकच आठवला.

त्या दिवशी चहाच्या रांगेत माझ्यापुढे काही ब्राझिलियन पोरं होती. साओ पावलोहून लंडन बघायला आलेली, आणि बिग बेन सोडून आधी इथे. मी विचारलं, इथे काय आहे? त्यातला एक छातीवरच्या बोधचिन्हावर बोट ठेवून म्हणाला, "हा क्लब आमच्या क्लबचा बाप."

गोष्ट अशी. 1882 मध्ये इंग्लंडचा संघ स्कॉटलंडकडून सारखा मार खात होता. एन. एल. जॅक्सन या गृहस्थांनी ठरवलं, आपले चांगले हौशी खेळाडू एकत्र खेळत राहिले पाहिजेत. त्यातून कोरिंथियन क्लब निघाला. 1894 आणि 1895 मध्ये वेल्सविरुद्ध इंग्लंडचे अकराच्या अकरा खेळाडू याच क्लबचे होते. 1903 मध्ये इंग्लंडचा मानाचा एफए कप अंतिम लढतीत 6-0 ने जिंकणाऱ्या बरी संघाला त्यांनी पुढच्याच वर्षी 10-3 ने झोडपलं. आपल्या रणजितसिंहजींचा ससेक्सच्या क्रिकेट संघातला जोडीदार सी. बी. फ्राय हाही इथलाच.

बक्षिसासाठी खेळायचं नाही, हा सुरुवातीचा नियम. 1891 मध्ये पेनल्टी आली, ती यांना अपमान वाटली. सभ्य माणूस मुद्दाम फाउल करेलच कसा? म्हणून पेनल्टी मिळाली तर चेंडू मुद्दाम बाहेर मारायचा, आणि विरोधकांना मिळाली तर गोलकीपरने खांबाला टेकून उभं राहायचं, असं सांगतात. ऐकायला छान आहे, पण ही मंडळी विद्यापीठांतली, बड्या शाळांतली. पैशाला हात न लावायला आधी घरात पैसा असावा लागतो. उत्तरेकडच्या गिरणी-खाणीतल्या खेळाडूंना ते परवडणारं नव्हतं.

म्हणूनच पुढचा भाग मला फार आवडतो. 1910 मध्ये हे साहेब ब्राझीलच्या दौऱ्यावर गेले. साओ पावलोच्या बोम रेतीरो भागातल्या काही कामगारांना त्यांच्या खेळाची अशी भुरळ पडली की त्यांनी त्याच सप्टेंबरमध्ये स्वतःचा क्लब काढला आणि नाव ठेवलं कोरिंथियन्स. सरदारांचं नाव, पोरं रेल्वे कामगारांची. तालमींच्या नावाने फुटबॉल खेळणाऱ्या गावात वाढलेल्या मला हे लगेच उमगलं.

1914 मध्ये बापाची पुन्हा ब्राझीलला जायची वेळ आली. बोट समुद्रात असतानाच महायुद्ध सुरू झालं आणि मंडळी न खेळताच परतली. त्यांतले कित्येक लढाईत गेले. 1939 मध्ये कॅज्युअल्स क्लबशी विलीनीकरण झालं. 1956 मध्ये वेम्बलीवर हौशी संघांच्या अमॅच्युअर कपची अंतिम लढत बरोबरीत सुटली, पुन्हा खेळवली तेव्हा बिशप ऑकलंडने हरवलं. त्यानंतर घसरणच म्हणायची.

लेक मात्र 2012 मध्ये चेल्सीला 1-0 ने हरवून क्लब विश्वविजेता झाला. पण बापाला विसरला नाही. 1988 मध्ये टॉलवर्थचा संघ साओ पावलोत खेळला तेव्हा डॉक्टर सॉक्रेटिस, 1982 च्या विश्वचषकातला ब्राझीलचा कर्णधार, सामन्यातच शर्ट बदलून पाहुण्यांकडून खेळला. 2015 मध्ये पुन्हा बोलावणं आलं. शनिवारी या कठड्यापुढे खेळणारे, सोमवारी नोकरीवर जाणारे खेळाडू तिथल्या भल्यामोठ्या स्टेडियमवर उतरले. 3-0 ने हरले, पण लोकांनी दोन्ही संघांना डोक्यावर घेतलं.

परवाच्या सामन्यात आमच्या संघाला पेनल्टी मिळाली. मी शेजारच्या आजोबांना कोपराने ढोसलं, "आता बाहेर मारणार ना?"

चेंडू सरळ जाळ्यात गेला. आजोबा टाळ्या वाजवत म्हणाले, "तेव्हा आम्हाला गुण लागत नव्हते, बाळा."