तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन आहे ना, मग भीती कसली?

"कानाला मशीन लावलंय ना, मग आता कसली भीती वाटते?" नणंदेपासून पतसंस्थेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारून झालंय. हेतू चांगला असतो, ते कळतं मला. म्हणून दर वेळी "होईल सवय" म्हणून मी विषय संपवते. आज संपवत नाही.

माझ्या दोन्ही कानांचा रिपोर्ट ५५ डेसिबलच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून हळू आवाज मला ऐकूच येत नाहीत; आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ५० ते ६५ म्हणजे मध्यमच्या पुढची आणि तीव्रच्या अलीकडची पायरी. आपल्या २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मात्र दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून पुढे असेल तरच दिव्यांग धरतात. म्हणजे कागदावर मला काही झालेलं नाही. लोकांच्या लेखीही नाही, कारण शांत खोलीत समोरासमोर बसलं तर मी नीट बोलते, नीट उत्तरं देते. मग जे सुटतं त्याला "हिचं लक्षच नसतं" असं नाव पडतं. माझं लक्ष एवढं असतं की संध्याकाळी घरी आल्यावर मला कुणी बोलायला नको असतं.

मला आवाज येतो, शब्द येत नाही. आतल्या कानात केसासारख्या बारीक पेशी असतात आणि माणसात त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत. माझ्या वरच्या पट्टीच्या गेल्यात. स, श, फ हे आवाज त्याच पट्टीतले. काउंटरवर कुणी "साठ हजार काढायचेत" म्हणालं, तर त्यातला स माझ्यापर्यंत पोचत नाही, आणि उरतात आठ हजार. मग मी स्लिप बघते, पासबुकातली शिल्लक बघते, माणसाचा चेहरा बघते आणि ठरवते. तोवर तो पुढचं वाक्य बोलून मोकळा झालेला असतो. दिवसभर प्रत्येक वाक्याचा असा अंदाज बांधायचा, तो तपासायचा, आणि चुकला तर पैशाचा प्रश्न. त्यातून जे अंगात भरून राहतं, त्याला तुम्ही भीती म्हणता.

मशीन आवाज वाढवतं. बोलण्याचा वाढवतं, तसा पंख्याचा, खुर्च्या सरकवण्याचा, ताटवाट्यांचाही वाढवतं. शिवाय माझ्यासारख्या कानाला हळू आवाज कळत नाहीत आणि मोठे एकदम अंगावर येतात. "ऐकू येत नाही म्हणते आणि ताट पडलं की दचकते", असं एका लग्नात माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं. नेमकं ते मला ऐकू आलं. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच आजारातलं आहे.

आता ते सांगते, जे मी सहसा टाळते.

एप्रिल २०२१. नवरा कोविडने दाखल होता. आत सोडत नव्हते. संध्याकाळी डॉक्टर दारापाशी येऊन एकेका पेशंटचं नाव घ्यायचे आणि नातेवाईकांना काय ते थोडक्यात सांगायचे. बाहेर गर्दी, जनरेटर चालू, मध्ये अर्धवट उघडं काचेचं दार. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, त्यावर प्लास्टिकची शील्ड. मी किती ओठांवरून ऐकत होते, हे मला त्या साथीतच कळलं. आणि मास्क दाबतो तो आवाजही नेमका वरच्या पट्टीचा.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. "अशा ठिकाणी पोरीला कशाला नेतेस?" असंही मला विचारलं गेलं. नाव पुकारलेलं मला ऐकू येणार नाही, म्हणून नेत होते. घरात दुसरं कोण होतं?

त्या दिवशी नाव तिने ऐकलं. आम्ही पुढे गेलो. डॉक्टर बोलले. मी म्हटलं, "मला कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने सांगता का?" ते ओरडून बोलले. मास्कमागून ओरडलं की शब्द आणखी फुटतात. मी पर्समधली वही आणि पेन पुढे केलं, "लिहून द्या ना." त्यांच्या हातात दोन-दोन ग्लोव्हज, मागे लोक खोळंबलेले. त्यांना मी दोष देत नाही, तेही दिवसभर उभेच असणार. त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि माझ्या मुलीकडे वळून तिला सांगितलं.

मी तिथेच, दोघांच्या मध्ये उभी होते. तिचेही फक्त डोळेच दिसत होते. वाईट आहे एवढं कळलं, किती वाईट ते कळेना. मी मनात धरलं की तो गेला. कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. मग तिने मोबाईल काढला, टाइप केलं आणि माझ्यासमोर धरलं: "पप्पांना व्हेंटिलेटरवर घ्यायचंय. तुझी सही पाहिजे."

मी सही केली. नवरा पुढे घरी आला, आज ठणठणीत आहे. म्हणून लोक म्हणतात, झालं ते झालं. पण आजही लॅबमध्ये, तहसील कचेरीत, कुठेही नाव पुकारायची वेळ आली की माझे हात गार पडतात. एसटी स्टँडवर घोषणा घुमायला लागली की मी उठून गाडीच्या पाट्या वाचत फिरते.

सगळं त्या संध्याकाळवर टाकावं, असं मला वाटतं. पण ते खरं नाही. त्याच्या आधीही मी अनोळखी नंबरचा फोन वाजू द्यायची, हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसायची. तेव्हाची मी म्हणायची, चांगलं मशीन घेतलं की हे जाईल. तिला आज काय सांगू? गेलं नाही. पण मशीन नसतं तर नोकरी गेली असती, तेव्हा ती अगदीच चूक होती असंही म्हणवत नाही. ज्यांचं ऐकणं कमी झालंय त्यांच्यात चिंता जास्त आढळते, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. आई म्हणते, तू लहानपणापासूनच भित्री. मानसोपचाराचे डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकमेकांना वाढवतात: घाबरलं की लक्ष फुटतं, लक्ष फुटलं की आणखी कमी ऐकू येतं. मला ते पटतं, पण पटल्याने हात गार पडायचे थांबत नाहीत.

एकच करा. मी "काय?" म्हटलं की "काही नाही, जाऊ दे" म्हणू नका. माझ्याकडे तोंड करा आणि तेच जरा वेगळ्या शब्दांत सांगा.

मुलगी म्हणते, "मम्मी, त्यांनी मला सांगितलं ते बरंच झालं. मी तुला नीट सांगू तरी शकले." मला हे मान्य नाही. ती अकरावीतली पोर होती आणि तिच्या बापाबद्दलचं ते वाक्य आधी माझ्याकडे यायला हवं होतं. तिचं म्हणणं, मी उगाच तिच्या वाट्याचं दुःख मोजत बसते. यावर आमचं अजून भांडण होतं.