स्पीड शंभर, पिंग चारशे

आमच्या इंटरनेट कंपनीच्या तक्रारींच्या यादीत त्या घरापुढे ‘स्पीड ओके, क्लोज’ असा शेरा वारंवार पडला होता, आणि तरी तीच तक्रार परत येत होती: ‘गेममध्ये लॅग,’ म्हणजे खेळातली हालचाल उशिरा पोचते. आमची माणसं सकाळी अकरा-बाराला जायची, स्पीड टेस्ट लावायची, १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर ९५-९६ दिसायचे, ग्राहकाची सही घेऊन निघायची. तक्रार नोंदवल्याची वेळ मात्र दर खेपेला रात्रीचीच होती. मी फोन करून रात्री आठची वेळ मागून घेतली.

कोल्हापुरात राजारामपुरीत घर. खाली लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ, वर राहणं. मुलगा इंजिनिअरिंगला, कॉलेजच्या टीममधून व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळणारा. रविवारी दुसऱ्या कॉलेजशी सामना होता आणि टीमने त्याला सांगितलं होतं, नेट नीट नसेल तर तुझ्या जागी दुसरा बसवू. वडील दारातच म्हणाले, “हे पोरगं रात्री गेम लावतंय आणि सगळ्या घराचं नेट बसतंय. तुम्हीच सांगा त्याला.” मुलगा गप्प उभा. मी म्हटलं, काका, आधी बघू तर द्या.

ओएनयूचं, म्हणजे फायबर घरात येतो त्या आमच्या डब्याचं, पेज उघडून पॉवर बघितली. मायनस २१ डीबीएम, म्हणजे फायबरला काही दुखणं नव्हतं. वर जाऊन मुलाच्या कॉम्प्युटरवर दोन काळ्या खिडक्या उघडल्या: एकीत घरच्याच राऊटरला पिंग, दुसरीत बाहेरच्या सर्व्हरला. पिंग म्हणजे छोटा संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ. लॅगची तक्रार असली की मी हे पहिलं करतो. दोष घरातल्या वायफायमध्ये आहे की राऊटरच्या पुढे, हे त्यातून तिथल्या तिथं वेगळं होतं. राऊटरचा पिंग एक-दोन मिलिसेकंदांत यायला हवा. इथे २, ३, मग एकदम ९०, मग ४, मग १४०.

ते वायफायचं दुखणं होतं आणि ते सोपं होतं. राऊटर खाली हॉलमध्ये टीव्हीमागे लोखंडी शोकेसमध्ये, मध्ये आरसीसीचा स्लॅब, आणि कॉम्प्युटर वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्या तिघांवर अख्खी गल्ली बसलेली. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण स्लॅबमधून वर पोचेपर्यंत सिग्नल फार उतरतो. नेमबाजीचा गेम खेळणाऱ्याला मी केबलच सांगतो. केबल टीव्हीची जुनी वायर गेलेल्या पाइपातून कॅट-६ ओढली, टोकं क्रिंप केली. राऊटरचा पिंग १ वर आला आणि हलेना. बाहेरचा १९.

व्हॅलोरंटचे सर्व्हर मुंबईत आहेत. कोल्हापूर ते मुंबई पावणेचारशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन जेमतेम ४ मिलिसेकंद. बाकीचे १५ वाटेतल्या यंत्रांमध्ये जातात. १९ हा आमच्या भागात उत्तम आकडा. एरवी इथेच सही घेऊन निघता आलं असतं. पण मुलगा म्हणाला, “दादा, अजून नऊ वाजले नाहीत. थोडं थांबा.” त्याच्या बोलण्यात विनवणी होती, आणि मी थांबण्यासाठीच आलो होतो.

पावणेनऊच्या सुमारास बाहेरच्या खिडकीतले आकडे चढायला लागले. १९, ६०, २१०, ३९०, ४१०, आणि मग तिथेच ठाण मांडून बसले. शेजारच्या खिडकीत राऊटरचा पिंग १. स्क्रीनवर मुलाचा खेळाडू भिंतीआड गेला आणि भिंतीआडच मेला. हा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाचा हिशोब करतो. ४०० मिलिसेकंद उशीर म्हणजे असे पन्नास हिशोब होऊन गेले तरी त्याची हालचाल तिथे पोचलेली नसते. तो भिंतीआड पोचला होता, पण सर्व्हरच्या लेखी अजून उघड्यावर उभा होता.

“बघितलंत? रोज हेच. कुणी खरंच मानत नव्हतं.”

त्या क्षणी मी मुद्दाम स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड ८४. म्हणजे आमची माणसं रात्री आली असती आणि फक्त तो मोठा आकडा बघितला असता, तरी ‘स्पीड ओके’ असंच लिहून गेली असती. टेस्टमध्ये ठळक दिसणारा पिंगही बहुतेक वेळा सुरुवातीलाच, टेस्टचा स्वतःचा भार पडण्याआधी मोजलेला असतो. भार असतानाचा पिंग काही टेस्ट वेगळा दाखवतात, पण तो छोट्या अक्षरांत असतो आणि तिकडे कुणी बघत नाही.

राऊटरच्या पेजवर ट्रॅफिक बघितलं. या प्लॅनला अपलोड २० एमबीपीएस. ते वीसच्या वीस भरलेलं होतं आणि सगळं एकाच मशीनकडून, खालच्या स्टुडिओतल्या कॉम्प्युटरकडून. वडील दिवसभर एडिटिंग करत, रात्री जेवणाआधी व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लावत आणि वर येत. त्या दिवशीच्या फाइली ४० जीबीच्या होत्या. वीसच्या वेगाने ४० जीबी चढायला साडेचार तास लागतात, म्हणजे थेट रात्री सव्वाच्या पुढे. पोराची खेळायची वेळ अख्खी त्यातच.

मी त्यांना वर बोलावलं. कारण सांगून वाद झाला असता, म्हणून म्हटलं, “काका, फक्त दोन मिनिटं तुमचं अपलोड थांबवता? आणि ही खिडकी बघत राहा.” त्यांनी मोबाइलवरून स्टुडिओचा कॉम्प्युटर उघडला आणि पॉज दाबलं. ४१० चे १९ झाले. परत चालू करायला सांगितलं. काही सेकंदांत पुन्हा ४००. त्यांनी स्वतःच आणखी एकदा बंद-चालू करून बघितलं. मग मुलाकडे न बघता म्हणाले, “म्हणजे माझ्यामुळं हुतंय व्हय?”

मला वाटतं, इथे चूक कुणाचीच नाही हे त्यांना नीट कळायला हवं होतं, म्हणून मी खुर्ची ओढून बसलो. मुलाचा गेम सेकंदाला एक मेगाबिटसुद्धा वापरत नाही. वडिलांचं अपलोडही गैर नाही, तो त्यांचा धंदा. गोंधळ मधल्या डब्यात आहे. फाइल पाठवणारा कॉम्प्युटर वेग वाढवत जातो आणि एखादं पॅकेट, म्हणजे डेटाची छोटी पुडी, गळालं की हात आखडता घेतो. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून इंटरनेट याच शिस्तीवर चाललं आहे. पण मोडेम-राऊटरमध्ये मेमरी भरपूर असली, तर पॅकेट गळतच नाही, नुसतं साचून राहतं. एक मेगाबाइट साचलं की ते ८ मेगाबिट होतं. वीसच्या लाइनवरून ते बाहेर पडायला ०.४ सेकंद, म्हणजेच ४०० मिलिसेकंद. आम्ही बघत होतो तोच आकडा.

घर मूळचं शेतकऱ्यांचं, म्हणून त्यांना सांगितलं: गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापुढे ट्रॉल्या लागतात. रांग वीसची असो की दोनशेची, काटा दिवसाला तेवढाच ऊस मोजतो. रांग लांबली की शेवटच्याचा मुक्काम तेवढा वाढतो. तुमच्या फाइली म्हणजे त्या ट्रॉल्या, आणि पोराची मोटारसायकल त्याच रांगेत मागं अडकली आहे. ते लगेच म्हणाले, “मग तिला बाजूनं काढा की!”

उपायही तोच होता. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस या अमेरिकन अभियंत्याला २०१० मध्ये घरून मोठ्या फाइली पाठवताना हीच गोष्ट दिसली आणि त्यांनी तिचा पाठपुरावा केला. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी रांग किती लांब आहे याऐवजी पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं यावर लक्ष ठेवणारी ‘कोडेल’ पद्धत मांडली, आणि पुढे प्रत्येक कामाला स्वतंत्र रांग देणाऱ्या पद्धती त्यावर उभ्या राहिल्या. हे सगळं राऊटरवर चढवायच्या ओपनडब्ल्यूआरटी या सॉफ्टवेअरमध्ये फुकट मिळतं. एवढं चांगलं काम इतकी वर्षं हाताशी असून घरोघरी पोचलेलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलाने साठवलेल्या पैशातून एक राऊटर घेऊन ठेवला होता, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढत होतं. त्याच्या परवानगीने चढवलं, ओएनयू ब्रिज मोडवर टाकला, म्हणजे तो नुसता मधला दुवा राहिला, आणि पीपीपीओई, म्हणजे आमच्या नेटचं लॉगिन, या राऊटरवर घेतलं. रांग सांभाळणाऱ्या एसक्यूएम या सोयीत ‘केक’ ही पद्धत निवडून अपलोडची मर्यादा १७ ठेवली. वीसऐवजी सतरा अशासाठी की रांग आमच्या मुक्या डब्यात न साचता या राऊटरच्या ताब्यात राहावी. काकांना स्पष्ट सांगितलं की तुमचं अपलोड पाऊण तासाने लांबेल. ते म्हणाले, “रात्रीच तर चढतंय, लांबू दे.”

अपलोड पूर्ण जोरात चालू ठेवून पिंग बघितला: २२, २४, २३, २६. मुलगा खेळायला बसला. मी साहित्य गोळा करत असताना काकूंनी चहा दिला आणि विचारलं, “लेक जर्मनीत असते. रात्री व्हिडिओ कॉलला तिचं बोलणं तुटतं, तेही यानंच काय?” त्यांचा कॉल नेहमी नऊनंतर असायचा. मी म्हटलं, आत्ताच लावून बघा. कॉल लागला, आणि खाली अपलोड चालू असताना मायलेकी बराच वेळ बोलत बसल्या. ही तक्रार आमच्याकडे कधी नोंदवलीच नव्हती. लेकीकडचंच नेट खराब असेल, असं घरात सगळे धरून चालले होते.

ऑफिसात मी दोन गोष्टी मागितल्या. लॅगची तक्रार असेल तर ग्राहक सांगेल त्याच वेळेला माणूस जावा, आणि क्लोज करण्याआधी एक मोठी फाइल अपलोडला लावून पिंगचा आकडा लिहावा. सुपरवायझरचं म्हणणं पडलं की प्रत्येक घरी वेळ वाढेल. मी जुन्या नोंदी पुढे ठेवल्या, एकाच घरी किती फेऱ्या पडल्यात ते दाखवलं. आता फॉर्मवर ‘अपलोड चालू असतानाचा पिंग’ असा रकाना आहे. त्यातून पहिलं सापडलं ते शाहूपुरीतल्या एका दुकानाचं प्रकरण. तिथे सीसीटीव्हीचे कॅमेरे दिवसभर क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत होते आणि गल्ल्यावर कार्ड मशीन अडकत होतं.