सम्पचं प्लंबिंग: लाईट गेल्यावरचा हिशोब

मागच्या नोंदीपर्यंत माशांच्या टाकीची काच चिकटली होती, पाईप बसले होते आणि पाणी फिरायला लागलं होतं. या वेळी फोटो काढण्यासारखं काही नाही. पाणी फरशीवर येऊ नये म्हणून काय काय करून पाहिलं, तेवढंच लिहितोय. मासे सोडायच्या आधीच हे उरकून घेतलेलं बरं, साध्या पाण्यात वाट्टेल तो प्रयोग करता येतो.

आधी मापं. वरची टाकी आतून १२० × ४५ सेंमी, म्हणजे पातळी एक सेंमीने हलली की ५.४ लिटरचा फरक. सम्प, म्हणजे खालची फिल्टरची टाकी, ७५ × ४० सेंमी, उंची ४० सेंमी. तिथे एक सेंमीला ३ लिटर. कप्पे पाडणाऱ्या मधल्या पट्ट्या २५ सेंमी उंच आहेत. शेवटचा कप्पा रिटर्न पंपाचा (पाणी परत वर चढवणारा पंप), ३० × ४०, तिथे एक सेंमीला १.२ लिटर. पंप चालू असताना त्या कप्प्यात २० सेंमी पाणी ठेवलंय. बाष्पीभवनाने जे काही घटतं ते याच कप्प्यात दिसतं, बाकी कप्पे पट्टीपाशीच राहतात.

लाईट गेली की दोन वाटांनी पाणी खाली येतं. ओव्हरफ्लोच्या (जिथून वरचं पाणी खाली उतरतं ती दातेरी कड) दातांवरून वाहणारा थर उतरतो, तो थोडकाच. खरा घोळ रिटर्न पाईपचा. पंप थांबला की तोच पाईप उलटा सायफन होतो आणि नोझलच्या (पाईपचं टाकीतलं टोक) तोंडाला हवा मिळेपर्यंत टाकी उपसत राहतो. माझं नोझल चालू पातळीच्या ५ सेंमी खाली होतं, म्हणजे २७ लिटर. मागच्या ओव्हरफ्लो पेटीतले साडेतीन आणि पाईपांमधलं दीड धरून ३२ लिटर. सम्पमध्ये मावतं, पण पातळी ३३-३४ सेंमीपर्यंत चढते. स्विच बंद करून पट्टी लावून पाहिलं, हिशोब जमला.

तरी नोझल वर घेतलं, आता फक्त २ सेंमी खाली आहे. परत येणारं पाणी एकदम निम्म्यावर आलं, साधारण १६ लिटर, आणि सम्प २८ सेंमीच्या जरा वर थांबतो. पृष्ठभाग छान हलतो हा वरचा फायदा. पाण्याच्या रेषेखाली पाईपला ६ मिमीचं सायफन तोडायचं भोकही पाडलंय, पण ते हिशोबात धरलेलं नाही. भोक शेवाळाने बुजतं, कधी एखादी गोगलगाय नेमकी तिथेच जाऊन बसते. चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) तर लावलाच नाही. त्याच्या झडपेवर कॅल्शियमचा एक खडा अडकला की ती पूर्ण मिटत नाही आणि पाणी हळूहळू झिरपत राहतं. शिवाय रोज पंपाचा जोर खातो तो वेगळाच. ज्यांना लावायचाय त्यांनी दोन्ही बाजूंना युनियन (उघडता येणारा जोड) घालून लावा, म्हणजे काढून धुता येईल. पण सम्पची जागा तो नाहीच असं धरून ठेवा.

आता उलटी बाजू, आणि मला जास्त धास्ती हिचीच होती. लाईट आहे, पंप चालू आहे आणि खाली येणारा पाईप तुंबला. मग पंप आपल्या कप्प्यातलं पाणी वर चढवतच राहतो. पाणी ५ सेंमीवर उतरलं की पंप हवा ओढायला लागतो, म्हणजे १५ सेंमी पाणी, १८ लिटर वर जाणार. टाकीत त्याने ३.३ सेंमी पातळी चढते, आणि काठापर्यंत मोकळी जागा आहे ४ सेंमी.

इथे एक गंमत लक्षात आली. सम्पकडे पाहिलं तर वर बरीच जागा रिकामी दिसते, हात शिवशिवतो की अजून पाणी भरावं, रोजची भर घालायची कटकट कमी होईल. पण रिटर्नच्या कप्प्यात २३ सेंमीच्या वर गेलो की तुंबलेल्या दिवशी पाणी वरच्या काठावरून येणार. म्हणजे सम्पवरची खूण वरची टाकी ठरवते. २० सेंमीवर पक्क्या मार्करने रेघ मारलीय आणि ती तिथेच राहणार.

खाली येणाऱ्या पाईपांची मांडणी हर्बी नावाच्या पद्धतीची: एक पूर्ण सायफन (हवा न घेता भरून वाहणारा) गेट व्हॉल्व्हसह, दुसरा उंचावर कोरडा इमर्जन्सी, पहिला कमी पडला तरच वाहणारा. (बॉल व्हॉल्व्हने बारीक जुळवणी होत नाही, हे बहुतेकांना माहीत असेलच.) पंप चालू ठेवून गेट व्हॉल्व्ह पूर्ण बंद केला, इमर्जन्सीने सगळा प्रवाह एकट्याने पेलला, आवाज मात्र भयंकर. मग त्यालाही बूच मारलं आणि एक हात स्विचवर ठेवून उभा राहिलो. पाणी काठाखाली पाऊण सेंमीवर आलं आणि पंप खरखरायला लागला.

परत चालू करताना एक अडचण दिसली. सायफनच्या पाईपचं टोक सम्पमध्ये अडीच सेंमीच बुडलेलं असतं, पण लाईट गेल्यावर सम्प चढतो आणि टोक आणखी खोल जातं. पाईपमधली हवा बाहेर पडायला तेवढाच जास्त विरोध. नोझल खाली होतं तेव्हा सायफन धरायला बराच वेळ गुरगुरत असे, तोवर इमर्जन्सी वाहायचा. नोझल वर आल्यावर ते जवळपास थांबलं.

ऑटो टॉप ऑफ (आटलेलं पाणी कॅनमधून आपोआप भरणारा पंप) अजून जोडलेला नाही, मुद्दामच. पाईप तुंबला की रिटर्नचा कप्पा रिकामा होतो, आणि ऑटो टॉप ऑफला वाटतं पाणी आटलं, तो आणखी ओततो. वर माझ्याकडे शिल्लक पाऊण सेंमी, म्हणजे साडेतीन लिटरच्या आसपास. त्याचा कॅन याहून मोठाच असणार. म्हणून वरच्या टाकीत काठाजवळ एक फ्लोट स्विच बसवतोय, जो रिटर्न पंप आणि ऑटो टॉप ऑफ दोन्ही एकदम तोडेल. ऑटो टॉप ऑफच्या नळीचं टोकही कॅनमधल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर, हवेत ठेवणार. खाली ठेवलं तर त्याचाही सायफन होतो आणि पंप बंद असताना कॅन रिकामा होतो.

स्किमरचं (फेसातून घाण कपात काढणारं यंत्र) राहिलंय. चढलेल्या सम्पमध्ये लाईट आल्या आल्या तो सुरू झाला की कप भरून वाहतो, त्यामुळे त्याला काही मिनिटं उशिरा चालू करणारा टायमर लावायचाय. कुणी लावला असेल तर किती मिनिटांवर ठेवलाय ते कळवा.