वायाकी वेवरचा मुगुमो

आज कामासाठी नैरोबीत वेस्टलँड्सला गेले होते, तिथे वायाकी वे या रस्त्याच्या कडेचं ते मोठं मुगुमोचं झाड शेवटी डोळे भरून बघितलं. आपल्या वड-उंबराच्या कुळातलंच. 2020 मध्ये एक्सप्रेसवेसाठी ते हलवायचं ठरलं होतं पण लोकांनी एवढा विरोध केला की झाड वाचवायचा सरकारी आदेश निघाला. किती बरं वाटलं बघून!

केनियातल्या किकुयू लोकांसाठी मुगुमो म्हणजे न्गाईचं, देवाचं झाड. पावसासाठी प्रार्थना त्याच्याखाली, तोंड किरिन्यागाकडे म्हणजे माउंट केनियाकडे करून. केनियाच्या पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाईंना लहानपणी आईने बजावलेलं की याची वाळकी काटकीसुद्धा सरपणाला आणायची नाही. झाडाजवळ झरा होता, त्या अमेरिकेतून शिकून आल्या तर झाड तोडलेलं आणि झरा पण आटलेला. मग त्यांच्या लक्षात आलं की याची मुळं खडक फोडून खोल जातात, त्यांच्यामुळेच पाणी वर यायचं आणि उताराची माती धरून राहायची. म्हणजे आई सांगत होती ते पाण्याचं शास्त्रच होतं ना, आणि मिशनऱ्यांनी त्याला अंधश्रद्धा ठरवलं याचा मला खरंच राग येतो.

1977 ला माथाईंनी ग्रीन बेल्ट ही झाडं लावायची चळवळ सुरू केली, गावच्या बायकांनी रोपं वाढवली, जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळायचे. 2004 ला नोबेल मिळालं ते सगळ्यांना माहीत असतं, या बायकांबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही.

रविवारी करुरा जंगलात जातेय, नैरोबीतलं कोणी येणार असेल तर कळवा.