पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडताना रॅमचा निर्णय कधी आणि कसा घ्यावा

स्वतःच्या हाताने पहिला गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा ठरवलेले ओळखीतले लोक सुट्या भागांची यादी दाखवायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा रॅमचाच असतो: सोळा जीबी घेऊ की बत्तीस, आणि स्पीड किती असावा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर रॅमच्या पाकिटावर सापडत नाही. कोणती रॅम चालेल हे प्रोसेसर आणि मदरबोर्ड ठरवतात, तिच्यावर किती खर्च करावा हे ग्राफिक्स कार्डाची निवड झाल्यावरच कळते, आणि घेतलेली रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालते की नाही हे कॉम्प्युटर सुरू झाल्यानंतर आपण बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, काय करतो यावर अवलंबून असते. म्हणून यादीत रॅमची ओळ शेवटी लिहावी, असा माझा आग्रह असतो.

आधी पिढीचा प्रश्न मिटवावा. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन पिढ्या, आणि दोन्हींच्या डेस्कटॉप स्टिकवर, म्हणजे रॅमच्या सुट्या पट्ट्यांवर, २८८ पिनाच असतात. मात्र मधली खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये बसत नाही, आणि जोर लावून ती बसवण्याचा प्रयत्न करूही नये. एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटवर (मदरबोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) फक्त डीडीआर४ चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ वर फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर दोन्ही प्रकार चालवू शकतात, पण मदरबोर्ड साधारणपणे त्यांपैकी एकाच प्रकारचा असतो. त्यामुळे तिथे प्रोसेसरचे नाव पाहून भागत नाही, मदरबोर्डचे पूर्ण मॉडेल नाव वाचावे लागते. सगळेच नव्याने घेत असाल तर डीडीआर५ घ्यावी असे मी सांगतो, कारण पुढे प्रोसेसर बदलताना मदरबोर्ड आणि रॅम तीच ठेवता येण्याची शक्यता त्यात जास्त आहे. घरात डीडीआर४ चे चांगले किट आधीपासून पडून असेल, तर मात्र एएम४ वर जोडलेला कॉम्प्युटर आजही उत्तम खेळतो आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. गेमिंगसाठीच कॉम्प्युटर जोडायचा असेल तर बजेटमधला सर्वांत मोठा वाटा तिथेच जायला हवा, आणि तो किती हे मॉनिटरवरून ठरवावे: १९२० बाय १०८० च्या पडद्याला जे कार्ड पुरून उरते, तेच २५६० बाय १४४० वर धापा टाकू लागते. इथे दोन प्रकारच्या मेमरींची गल्लत होते, म्हणून थोडे थांबून सांगतो. ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी, ती कार्डावर कायमची जोडलेली असते आणि नंतर वाढवता येत नाही. ती भरली की गेमचा उरलेला माल मुख्य रॅममधून पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या, मार्गाने आणावा लागतो, आणि तो मार्ग फार अरुंद आहे. उदाहरणार्थ, आरटीएक्स ४०६० या ८ जीबीच्या कार्डाची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी माहिती देऊ शकते. पण ते कार्ड मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस ४ च्या आठच लेनने जोडलेले असते, आणि त्या मार्गाची एका दिशेची क्षमता सेकंदाला सुमारे १६ जीबी एवढीच आहे. म्हणजे कार्डाची मेमरी कमी पडत असेल, तर मुख्य रॅम बत्तीसची चौसष्ट केल्याने अडखळणे थांबत नाही. नवे, मोठे गेम उच्च दर्जाच्या टेक्श्चरसह (गेममधल्या वस्तूंवर चढवलेल्या चित्रांसह) खेळायचे असतील तर १२ किंवा १६ जीबीचे कार्ड आणि साधी रॅम ही जोडी मला ८ जीबीचे कार्ड आणि झगझगीत रॅम या जोडीपेक्षा केव्हाही बरी वाटते.

आता रॅम किती घ्यावी ते पाहू. १६ जीबीवर आजही बहुसंख्य गेम चालतात. पण गेमच्या मागे विंडोज, ब्राउझरच्या उघड्या टॅब, मित्रांशी बोलण्याचे ॲप आणि दोन-तीन लाँचर चालू असतात, आणि त्या सगळ्यांत मिळून १६ जीबी पाहता पाहता संपतात. रॅम संपली की विंडोज काही माहिती एसएसडीवर, म्हणजे कायमच्या साठवणीच्या डिस्कवर, हलवते, आणि ती परत आणताना गेम क्षणभर अडखळतो. फ्रेम्सच्या सरासरीत हे फारसे दिसत नाही. ते दिसते सर्वांत मंद एक टक्का फ्रेम्सच्या आकड्यात, आणि खेळणाऱ्याच्या हाताला तर लगेच जाणवते. त्यामुळे झेपत असेल तर ३२ जीबी घ्यावी. ६४ जीबीचा उपयोग व्हिडिओ संपादन किंवा थ्रीडीचे काम करणाऱ्यांना होतो. केवळ खेळण्यासाठी तो खर्च ग्राफिक्स कार्डाकडे वळवावा.

ही ३२ जीबी कशी घ्यावी, हा प्रश्न किती घ्यावी याइतकाच महत्त्वाचा आहे. नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीची दोन चॅनेल असतात आणि प्रत्येक चॅनेल ६४ बिटांचे असते. एकच स्टिक लावली तर एक चॅनेल रिकामे राहते आणि माहिती वाहून नेण्याची क्षमता थेट निम्मी होते. डीडीआर५ ६००० च्या (हा वेगाचा आकडा, त्याबद्दल पुढे सांगतो) दोन स्टिक मिळून सेकंदाला कागदोपत्री ९६ जीबी देतात, तीच एक स्टिक ४८ देते. ज्यांना सध्या ग्राफिक्स कार्ड न घेता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर खेळायचे आहे, त्यांच्यासाठी तर हा फरक निर्णायक ठरतो, कारण तिथे ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नसते. म्हणून १६ च्या दोन स्टिक घ्याव्यात, आणि त्या एकाच पाकिटात किट म्हणून आलेल्या घ्याव्यात. सारख्याच मॉडेलच्या दोन सुट्या स्टिक एकमेकींशी जुळतीलच याची खात्री कोणी दिलेली नसते. किटमधल्या स्टिक एकत्र तपासून विकलेल्या असतात.

“आत्ता ८ च्या दोन घेतो, पुढच्या वर्षी आणखी दोन टाकतो” हा बेत डीडीआर४ च्या काळात चांगला होता, पण डीडीआर५ वर मी तो कोणालाही सुचवत नाही. एएम५ वर बसणाऱ्या रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे, तर चार स्टिक लावल्यावर ३६००. काही मदरबोर्ड चार स्टिकही जास्त वेगाने चालवून दाखवतात, पण त्यासाठी हाताने बरीच खटपट करावी लागते आणि पहिल्याच कॉम्प्युटरवर ती कोणाच्या वाट्याला येऊ नये. चार स्लॉटपैकी दोन रिकामे दिसले तरी ते रिकामेच राहू द्यावेत.

वेगाच्या आकड्यांकडे आता येता येईल. पाकिटावर ६००० मेगाहर्ट्झ असे लिहिलेले असले तरी तो खरा क्लॉक, म्हणजे मेमरीच्या ठोक्यांचा वेग, नव्हे. तो सेकंदाला होणाऱ्या दशलक्ष देवाणघेवाणींचा आकडा आहे, आणि क्लॉक त्याच्या निम्मा, म्हणजे ३००० मेगाहर्ट्झ असतो. शेजारी सीएल ३० किंवा सीएल ३६ असे लिहिलेले असते. मागितलेली माहिती हाती येईपर्यंत किती क्लॉक वाट पाहावी लागते, ते हा आकडा सांगतो. दोन्ही आकडे एकत्र वाचल्याशिवाय तुलना होत नाही. सीएलला २००० ने गुणून वेगाने भागले की प्रत्यक्ष विलंब नॅनोसेकंदांत मिळतो. डीडीआर४ ३२०० सीएल १६ चा विलंब १० नॅनोसेकंद येतो आणि डीडीआर५ ६००० सीएल ३० चाही १०च येतो. डीडीआर५ ६००० सीएल ३६ चा १२, आणि डीडीआर५ ५२०० सीएल ४० चा १५ पेक्षा थोडा जास्त. हा हिशेब मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरने दुकानात उभ्या उभ्या करता येतो आणि जाहिरातीतले मोठे आकडे किती खरे हे त्यातून लगेच उमगते.

एएम५ साठी माझी शिफारस ६००० सीएल ३० ची आहे. एएमडीनेही रायझन ७००० साठी ६००० हाच योग्य टप्पा म्हणून सांगितला होता, कारण त्या वेगापर्यंत प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, सहसा मेमरीच्याच क्लॉकने चालतो. त्याच्या बऱ्याच वर गेले की तो निम्म्या वेगावर उतरतो आणि मिळवलेले हातचे जाते. सीएल ३६ चे किट बरेच स्वस्त मिळत असेल तर तेही बिनदिक्कत घ्यावे. विशेषतः ७८००एक्स३डी सारख्या, ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी) असलेल्या प्रोसेसरवर मेमरीच्या वेगाचा परिणाम बराच कमी होतो, कारण गेमला वारंवार लागणारी पुष्कळशी माहिती त्या कॅशमध्येच सापडते.

ब्रँडबद्दल मी फार हट्ट धरत नाही. रॅमच्या मूळ चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. अनेक परिचित नावांच्या स्टिकवर याच कंपन्यांच्या चिप असतात. त्यापेक्षा मदरबोर्डच्या कंपनीने तपासलेल्या मेमरीची जी यादी दिलेली असते, तिच्यात आपले किट आहे का ते पाहावे. आणि स्टिकची उंची पाहावी. दिव्यांच्या उंच पट्ट्या असलेल्या स्टिक मोठ्या टॉवर कूलरच्या पंख्याखाली मावत नाहीत. मग पंखा वर सरकवावा लागतो आणि कॅबिनेटचे झाकण लागत नाही. साध्या, बुटक्या पट्टीच्या स्टिक घेतल्या की हा प्रश्नच उद्भवत नाही.

बाकीच्या भागांबद्दल थोडक्यात. पॉवर सप्लायमध्ये काटकसर करू नये, आणि ८० प्लसचे सोनेरी किंवा कांस्य चिन्ह कार्यक्षमता सांगते, एकूण दर्जा नव्हे, हे ध्यानात ठेवून त्या नेमक्या मॉडेलचे तपशीलवार परीक्षण वाचावे. सुट्या होणाऱ्या केबल एका पॉवर सप्लायच्या दुसऱ्याला कधीही लावू नयेत. टोके बसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि त्यात डिस्क जळते. एसएसडी एक टीबीची, पीसीआय एक्सप्रेस ४ ची पुरेशी आहे. पाचव्या पिढीची एसएसडी घेतल्याने खेळताना जाणवेल असा फरक पडत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसते, तेव्हा ग्राफिक्स कार्ड येईपर्यंत पडद्यावर काहीच दिसणार नाही.

रॅम बसवताना प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरावा. बहुतेक चार स्लॉटच्या मदरबोर्डवर हीच जोडी असते, तरी मॅन्युअलमधली आकृती एकदा पाहावी. खाच जुळवून स्टिक सरळ उभी धरावी आणि दोन्ही टोकांवर अंगठ्यांनी समान दाब द्यावा. अनेक मदरबोर्डवर आता खिट्टी एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसरी बाजू नीट बसली का हे आवाजावरून कळत नाही. तिथे वाकून, सोनेरी पिनांची रेषा कुठे तिरकी दिसते का ते पाहावे. पुरेसा दाब न दिल्यामुळे अर्धवट बसलेली स्टिक हे पहिल्यांदा पडदा काळा राहण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि तेव्हा मदरबोर्डवर डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटून राहतो.

तो दिवा पेटला म्हणजे बिघाडच झाला असे मात्र नाही. एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना मदरबोर्ड मेमरीची जुळणी करून पाहतो, आणि त्यात काही मिनिटे पडदा काळाच असू शकतो. या वेळात घाबरून वीज बंद करू नये. चित्र दिसले की डिलीट दाबून बायोसमध्ये जावे आणि एक्सपो किंवा एक्सएमपी हे, रॅमला पाकिटावरच्या वेगाने चालवणारे तयार प्रोफाइल सुरू करावे. हे केले नाही तर ६००० ची रॅम ४८०० सारख्या मूळ वेगावरच चालत राहते, आणि कुठलीही सूचना येत नसल्यामुळे कित्येकांच्या घरी ती वर्षानुवर्षे तशीच चालते. विंडोज सुरू झाल्यावर टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर वेग आणि वापरात असलेले स्लॉट दोन्ही दिसतात. तिथे ६००० आणि चारपैकी दोन असे दिसायला हवे.

त्याच दिवशी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम टाकून रात्रभर चाचणी लावावी. एकही चूक चालवून घ्यायची नाही, कारण सदोष मेमरीमुळे गेम बंद पडतात, विंडोजच्या फाइल बिघडतात आणि दोष भलत्याच भागावर जातो. चूक आली तर आधी बायोसची नवी आवृत्ती टाकून पाहावी, मग प्रोफाइल बंद करून मूळ वेगावर चाचणी पुन्हा करावी. मूळ वेगावरही चूक येत असेल तर एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून दोषी कोणती ते शोधावे आणि बदलून मागावी. त्या वेळी सहसा दोन्ही स्टिक परत पाठवाव्या लागतात, कारण त्या किट म्हणून विकलेल्या असतात. त्यासाठी पाकीट आणि बिल जपून ठेवावे.