सकाळी बाख, दुपारी हँडेल

जर्मनीत बाखच्या लाइपझिगहून हँडेलच्या हाले गावाला लोकल ट्रेनने अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून सकाळी बाख आणि दुपारी हँडेल असा बेत केला. दोघं जर्मन संगीतकार, दोघांचा जन्म १६८५ चा, आणि आयुष्यात एकदाही भेट नाही! १७१९ मध्ये बाख मुद्दाम हालेला आला होता म्हणतात, तर हँडेल नुकताच निघून गेलेला.

लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये बाखची कबर आहे, जमिनीत बसवलेली ब्राँझची साधी पाटी. तिथल्याच बाकावर बसून हेडफोनवर बाखच्या सेंट मॅथ्यू पॅशनचा (येशूच्या यातना आणि मृत्यूवरची मोठी रचना) पहिला कोरस, म्हणजे समूहगान, लावला. गाणाऱ्यांचे दोन गट, दोन ऑर्केस्ट्रा, एक गट सांगतोय 'बघा', दुसरा विचारतोय 'कोणाला? कुठे?', आणि एवढी दाट वीण चालू असताना वरून तिसरीच एक चर्चमधली जुनी चाल तरंगत येते, खालचं सगळं मायनरमध्ये (उदास वाटणाऱ्या स्वरांत) आणि ही मेजरमध्ये (उजळ स्वरांत), कसं सुचलं असेल देव जाणे. बाखला एकही आवाज नुसता साथीला उभा राहिलेला चालत नाही, अगदी बेसला, म्हणजे सगळ्यात खालच्या आवाजालासुद्धा स्वतःची चाल पाहिजे. गाणाऱ्याने श्वास कधी घ्यायचा ते त्याचं त्याने बघावं.

हालेच्या चौकात हँडेलचा पुतळा एकदम ऐटीत उभा आहे, शेजारी चार टॉवरचं चर्च, जिथे त्याचा बाप्तिस्मा झाला (पुढे तिथला ऑर्गनिस्ट कोण, तर बाखचा थोरला मुलगा!). हँडेल इटली करून लंडनला गेला, तिथे ऑपेरा चालवला, म्हणजे तिकिटं खपली पाहिजेत. ते संगीतात ऐकू येतं. त्याच्या 'मसाया' या ऑरेटोरिओमधला (अभिनयाशिवाय नुसती गायची मोठी धार्मिक रचना) 'हालेलुया' हा कोरस घ्या, मध्येच सगळे आवाज एकाच सुरावटीत, मग थोडी गुंफण, फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाजांनी उचलायची) त्यालाही मस्त जमायचं, पण लोक कंटाळायच्या आत सोडून देतो, आणि शेवटच्या हालेलुयाआधी सगळं गप्प. बाखने ती जागा भरून टाकली असती असं मला वाटतं. मला तरी ते गप्प बसणं जास्त अवघड वाटतं.

पण म्हणून बाख भक्तीवाला आणि हँडेल धंदेवाला अशी जी वाटणी लोक करतात ती काही पटत नाही, कारण मसायातला येशू बाळ जन्मल्याचा कोरस हँडेलने स्वतःच्याच इटालियन प्रेमाच्या ड्यूएटमधून (दोघांच्या गाण्यातून) उचललाय, आणि बाखनेही राजघराण्याच्या वाढदिवसांसाठी केलेलं संगीत शब्द बदलून ख्रिसमस ऑरेटोरिओत बसवलंय.